घरातली खोली पाहुण्यांना देण्यापूर्वी : सातारा भागातील होमस्टे यजमानांसाठी क्रमवार मार्गदर्शन

यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना, पुढे बामणोली-तापोळ्याच्या बाजूला, ठोसेघरच्या रस्त्यावर आणि वाई-पाचगणीच्या आसपास अनेक कुटुंबांनी घरातली एखादी-दुसरी खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवली आहे. अशा घरांतील तक्रारी मी बरीच वर्षे जवळून पाहत आलो आहे, आणि त्यांत चोरी, फसवणूक किंवा उद्धटपणा यांमुळे झालेले वाद फारच थोडे आहेत. बहुतेक वाद एकाच कारणाने होतात. जी गोष्ट पैसे घेण्याआधी सांगायला हवी होती, ती पाहुणा दारात उभा राहिल्यावर सांगितली जाते.

सर्वसाधारण क्रम असा दिसतो : फोन येतो, दर सांगितला जातो, आगाऊ रक्कम घेतली जाते, आणि नियम, अडचणी व उणिवा पाहुण्याला मुक्कामाला आल्यावर कळतात. हा क्रम उलटा करणे हाच या लेखाचा उद्देश आहे. आधी स्वतःचे घर पारखावे, मग ते लिहून काढावे, मग बोलावे, लेखी होकार घ्यावा आणि त्यानंतरच पैसे घ्यावेत. पुढील टप्पे याच क्रमाने वाचावेत आणि मधला टप्पा सोडू नये.

## टप्पा १ : पाहुण्यांच्या खोलीत एक रात्र स्वतः काढा

यजमान सहसा ही खोली दिवसा, दार उघडे ठेवून, झाडू मारताना पाहतो. पाहुणा ती रात्री, दार लावून, अनोळखी जागेत पाहतो. म्हणून घरातील दोघांनी एक रात्र त्या खोलीत पाहुण्यांप्रमाणे झोपावे. स्वयंपाकघरातून काही आणायला जाऊ नये, घरच्या न्हाणीघराचा वापर करू नये, आणि जे लागेल ते खोलीत आहे का, एवढेच पाहावे.

रात्री दिवा लावून एकाने बाहेर जावे आणि पडद्यातून आतले दिसते का ते तपासावे. आतली कडी नीट बसते का, ती बाहेरून सरकवता येते का, हे पाहावे. सकाळी सहाला अंघोळ करून दुसऱ्या माणसाला पुरेसे गरम पाणी उरते का ते बघावे. ज्यांच्याकडे फक्त सौर बंब आहे त्यांनी ही तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये, ढगाळ दिवशी करावी, कारण उन्हाळ्यातला अनुभव पावसाळ्यात उपयोगी पडत नाही. गाद्या-उशांना ओल धरल्याचा वास येतो का, हेही पावसातच कळते.

सकाळी कागद घेऊन बसावे आणि आढळलेल्या उणिवांच्या तीन याद्या कराव्यात : आठवड्यात दुरुस्त होणाऱ्या, हंगामापूर्वी होणाऱ्या, आणि कधीच न होणाऱ्या. तिसरी यादी सर्वांत मोलाची आहे. मोबाइलला रेंज नाही, शौचालय खोलीला लागून नसून पडवीतून जावे लागते, पहाटे गोठ्यातला आवाज येतो, पावसात वीज तासन्‌तास जाते, शेवटचा रस्ता कच्चा आहे, या गोष्टी यजमानाच्या हातात नसतात. त्या आधी सांगणे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असते.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत चुकते. पाहुण्यांच्या खोलीत घरचे कपाट तसेच ठेवलेले असते, आणि त्यात दागिने नसले तरी कागदपत्रे, साड्या, मुलांचे सामान असते. उद्या त्यातले काही सापडले नाही, तर मनात पहिला संशय पाहुण्यावर येतो, मग ती वस्तू दोन महिन्यांपूर्वी मामाकडे विसरलेली का असेना. कपाट हलवावे. हलवणे शक्य नसेल, तर कुलूप लावून ते पाहुण्याला दाखवून ठेवावे.

सावधान. गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. हवा खेळती नसेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि अंघोळ करणारा माणूस मदतीला हाक मारण्याआधीच बेशुद्ध होऊ शकतो. गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर मोकळ्या हवेत ठेवावेत आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणावा. हे होईपर्यंत खोली देऊ नये.

तपासणी. खोलीच्या किती किल्ल्या आहेत आणि त्या कोणाकडे आहेत, हे घरातील प्रत्येकाला सांगता येते का? येत नसेल, तर कुलूप बदलावे.

## टप्पा २ : तिसऱ्या यादीसह घराचे वर्णन लिहा

वर्णनात सौंदर्य कमी आणि माहिती जास्त असावी. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढावीत आणि त्यांत न्हाणीघर व शौचालय पूर्ण दिसावे. तेच छायाचित्र नसले की पाहुणा मनाशी वाईटच कल्पना करतो. फुलांची छायाचित्रे टाकताना हंगाम लिहावा. कासच्या पठारावरचा बहर साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. सप्टेंबरचे छायाचित्र पाहून जानेवारीत आलेल्या कुटुंबाला पिवळे गवत दिसते, आणि ते निसर्गावर नव्हे, यजमानावर नाराज होते.

अंतर किलोमीटरमध्ये आणि वेळेतही लिहावे. सातारा शहरापासून कास सुमारे २५ किलोमीटर आहे, पण घाट, धुके आणि हंगामातील शनिवार-रविवारची वाहनांची रांग यांमुळे हे अंतर पुण्याच्या माणसाला वाटते तितक्या लवकर कापले जात नाही.

आपल्याकडच्या बुकिंगमध्ये काय येत नाही, हे ठळकपणे लिहावे. हंगामात कास पठारावरील प्रवेशाची संख्या मर्यादित असते आणि त्याचे शुल्क व आरक्षण वेगळे असते. वासोटा किल्ल्यावर जाण्यासाठी वन विभागाची परवानगी आणि बोट लागते, आणि पावसाळ्यात तो ट्रेक बंद असतो. ‘कासजवळ मुक्काम’ एवढेच लिहिले, तर पठारावरचा प्रवेशही यजमानाने करून ठेवला असेल असे पाहुणा प्रामाणिकपणे समजतो.

नमुन्यादाखल एक वर्णन :

‘खोलीत दोन मोठ्यांची आणि एका लहान मुलाची सोय आहे. शौचालय व न्हाणीघर फक्त पाहुण्यांसाठी आहे, परंतु ते पडवीच्या टोकाला आहे. गरम पाणी सकाळी सहा ते नऊ. मोबाइलला रेंज मिळत नाही. घरात वाय-फाय आहे, पण वीज गेल्यावर ते चालेलच असे नाही. आम्ही याच घरात राहतो. घरात वयस्कर आई आहेत आणि एक कुत्रा आहे. फाटकावर एक कॅमेरा आहे, घरात कोठेही नाही.’

अशा वर्णनामुळे काही पाहुणे कमी होतात, हे खरे आहे. जे कमी होतात ते पडवीतून शौचालयाला जावे लागले म्हणून रात्री भांडले असते. त्यांचे न येणे हे नुकसान मानू नये.

कॅमेऱ्याबद्दल दोन वाक्ये स्वतंत्रपणे. खोलीत, न्हाणीघरात किंवा तिथे तोंड केलेला कॅमेरा ठेवणे हा विश्वासभंग तर आहेच, खाजगी क्षण टिपणे हा गुन्हाही आहे. एअरबीएनबी या मुक्कामाच्या बुकिंगच्या संकेतस्थळाने तर ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतील सर्वच कॅमेऱ्यांना मनाई केली आहे, मग ते जाहीर केलेले का असेनात. बाहेरचा कॅमेरा असल्यास तो कोठे आहे आणि काय टिपतो, हे वर्णनातच लिहावे.

## टप्पा ३ : पहिला फोन, आणि त्यानंतरचा लेखी संदेश

पहिल्या फोनवर दर विचारला जातो आणि यजमान लगेच आकडा सांगून मोकळा होतो. आकडा सांगण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : मोठी माणसे किती व मुले किती वयाची, कधी आणि किती वाजता पोहोचणार, कोणत्या वाहनाने येणार, आणि जेवण घरी घेणार का. मग दर सांगताना तो माणशी आहे की खोलीचा, हे त्याच वाक्यात सांगावे. ‘दोन हजार’ एवढेच उत्तर ऐकून चौघांचे कुटुंब खोलीचा दर समजून निघते, यजमान माणशी धरून बसलेला असतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

घरचे नियम असतील तर तेही याच वेळी सांगावेत : मद्य चालत नाही, मांसाहार शिजवला जात नाही, रात्री दहानंतर फाटक बंद होते, बाहेरच्या मित्रांना खोलीत बोलावता येत नाही. आपल्या घरात आपण राहत असताना असे नियम ठेवण्यात गैर काही नाही; गैर आहे ते त्यांचा उच्चार रात्री नऊ वाजता, सामान उतरवून झाल्यावर करणे. लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याने एकत्र मुक्काम करण्यास कायद्याची आडकाठी नाही. तरीही एखाद्या कुटुंबाला फक्त कुटुंबांनाच खोली द्यायची असेल, तर ते वर्णनात छापील असावे, म्हणजे कोणाला दारातून परत जाण्याचा अपमान सोसावा लागणार नाही.

आडनाव ऐकून ‘म्हणजे कोणते?’ असे विचारण्याची सवय मात्र पूर्णपणे सोडावी. जात किंवा धर्म पाहून खोली नाकारणे हा घरचा नियम होऊ शकत नाही, आणि तो प्रश्न नुसता कुतूहलाने विचारला तरी समोरच्या माणसाचा विश्वास तिथेच संपतो. माझ्या परिचयाच्या एका घरी पाहुण्यांनी हा प्रश्न ऐकून जेवणाचे ताट तसेच ठेवले होते; यजमानीणबाईंच्या मनात वाईट काही नव्हते, पण ते पाहुण्यांना कळण्याचा काही मार्गही नव्हता.

फोन संपल्यावर ठरलेले सर्व व्हॉट्सॲपवर एका संदेशात लिहून पाठवावे :

‘शनिवार-रविवार, एक रात्र, दोन मोठे व एक मूल. खोलीचे २,००० रुपये. त्यात सकाळचा चहा-नाश्ता आहे. जेवण माणशी २५० रुपये, संध्याकाळी पाचपर्यंत कळवावे. मद्य चालत नाही. मोबाइलला रेंज नाही. चार दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत, नंतर निम्मी. हे मान्य असल्यास तसे लिहून कळवावे. त्यानंतर आगाऊ रकमेसाठी क्रमांक पाठवतो.’

तपासणी. ‘मान्य’ असे लेखी उत्तर आले का? अंगठ्याचे चिन्ह पुरेसे मानू नये. अनेकांनी ते न वाचताच पाठवलेले असते.

## टप्पा ४ : पैसे

पैशांचा क्रमांक आता येतो, आधी नाही. आगाऊ रक्कम घेतल्याक्षणी एकाच वहीत किंवा एकाच मोबाइल कॅलेंडरवर तारीख बंद करावी. दोन संकेतस्थळे, मुलाचा फोन आणि वडिलांचा फोन अशा चार ठिकाणी बुकिंग घेणाऱ्या घरात सप्टेंबरच्या एखाद्या शनिवारी दोन कुटुंबे एकाच खोलीसाठी येऊन उभी राहतात, आणि तेव्हा कोणतेही स्पष्टीकरण पुरत नाही. तारखा पाहणारी व्यक्ती घरात एकच असावी.

रक्कम जमा झाल्याची खात्री स्वतःच्या बँक खात्यात पाहून करावी. समोरून आलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. ‘चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा’ असा फोन आल्यास खाते उघडून पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

सावधान. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. आगाऊ रक्कम पाठवण्याच्या नावाखाली कोणी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगत असेल, तर तो पाहुणा नाही. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

पाहुण्यांसाठीही इथेच दोन शब्द, कारण हंगामात खोट्या होमस्टेच्या नावाने त्यांचीही फसवणूक होते. पैसे भरण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर फाटकापासून खोलीपर्यंत चालत जाऊन घर दाखवायला सांगावे, आणि पैसे पाठवताना दिसणारे नाव यजमानाच्या नावाशी जुळते का ते पाहावे. खऱ्या यजमानाला या मागणीचा राग येण्याचे कारण नाही. त्याने स्वतःहून घर दाखवण्याची तयारी दाखवली, तर निम्मे काम तिथेच होते.

रद्द झालेल्या बुकिंगचे पैसे ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी परत करावेत. पंधरा दिवस आठवण करून दिल्यावर दिलेली पूर्ण रक्कमही पाहुण्याच्या लेखी उशिरा दिलेलीच ठरते.

## टप्पा ५ : ओळख, दोन्ही बाजूंनी

पाहुण्यांची नोंदवही ठेवावी आणि त्यात नाव, पत्ता, फोन, वाहन क्रमांक, येण्या-जाण्याची वेळ व सही घ्यावी. सर्व सज्ञान व्यक्तींचे ओळखपत्र पाहावे, केवळ बुकिंग करणाऱ्याचे नाही. मूळ ओळखपत्र स्वतःकडे ठेवून घेऊ नये. पाहून, नोंद करून लगेच परत करावे. प्रत हवी असेल, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क केलेले आधार चालते, हे पाहुण्याला आपणहून सांगावे.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो घरातल्या तीन मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे पडून राहणे, किंवा गावातल्या एखाद्या ग्रुपवर ‘आजचे पाहुणे’ म्हणून जाणे. ज्या माणसाने आपल्याला ओळख दाखवली, त्याची ती ओळख सांभाळणे ही आपली जबाबदारी आहे.

परदेशी पाहुणा असेल, तर त्याच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत शासनाच्या ऑनलाइन व्यवस्थेवर द्यावी लागते; सर्वजण तिला ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखतात. त्यासाठी यजमानाचे नोंदणीकृत खाते आधी तयार असावे लागते, म्हणून पासपोर्ट हातात आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. पर्यटन विभागाकडील नोंदणी आणि जेवण देत असल्यास एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी हीदेखील हंगामापूर्वीची कामे आहेत.

ओळख एकतर्फी असू नये. मुक्कामाच्या आदल्या दिवशी यजमानाने स्वतःचे पूर्ण नाव, घरात कोण कोण असेल, आणि दार कोण उघडेल हे पाहुण्याला कळवावे. एकट्या येणाऱ्या स्त्रीसाठी ही माहिती खोलीच्या छायाचित्रांपेक्षा महत्त्वाची असते. घरातील बाईंनी स्वतः फोन करून दोन मिनिटे बोलणे अधिक चांगले.

## टप्पा ६ : आगमन

कास-बामणोलीच्या बाजूला नकाशा ऐन वळणावर बंद पडतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येणारे एक कुटुंब रात्री दहाच्या सुमारास फाटा चुकून पुढे गेले, आणि रेंज नसल्यामुळे पाऊण तास पावसात लहान बाळासह गाडीत बसून राहिले. मी घरात दिवा लावून त्यांची वाट पाहत होतो. त्यांना मात्र यजमानाने फसवले असेच वाटत होते. रस्ता लिहून न देण्याची चूक माझी होती. तेव्हापासून रस्त्याचे वर्णन आदल्या दिवशी लेखी पाठवतो : कोणत्या फाट्यावर वळायचे, तिथे कोणती खूण आहे, फाट्यापासून किती मिनिटे, आणि फाटकाचे दिवसा व रात्री काढलेले एकेक छायाचित्र. घाटात आणि जंगलाच्या पट्ट्यात रात्री गवा रस्त्यावर उभा असू शकतो, म्हणून अंधार पडण्यापूर्वी पोहोचण्याची विनंतीही त्यात असते. रात्री येणारच असतील, तर ठरलेल्या वेळी फाट्यावर माणूस उभा करावा.

पाहुणे आल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांचा क्रम असा ठेवावा : पाणी, खोली, किल्ली, मग नोंदवही. उरलेल्या पैशांचा विषय दारात काढू नये. खोली दाखवताना गरम पाण्याचा नळ, इन्व्हर्टरवर चालणारा दिवा, विजेरी कोठे आहे, रात्री काही लागले तर कोणत्या दारावर टकटक करायची, हे प्रत्यक्ष दाखवावे. ११२ आणि रुग्णवाहिकेसाठीचा १०८ हे क्रमांक खोलीत लावावेत, पण रेंज नसलेल्या घरात नुसत्या क्रमांकांचा उपयोग नाही. रेंज कोठे मिळते आणि गाडी कोणाकडे आहे, हे त्याखाली लिहावे. पावसाळ्यात बूट झटकून घालायला सांगावे.

तपासणी. वर्णनात लिहिलेली एखादी सोय आज बंद आहे का? असल्यास पाहुण्याला ती शोधून काढावी लागण्यापूर्वी आपणच सांगावे.

## टप्पा ७ : मुक्काम, आणि आग्रहाचा प्रश्न

आपल्याकडे पाहुणा म्हटला की आग्रह आला. होमस्टेमधले सर्वांत नाजूक गैरसमज याच आग्रहातून होतात. यजमानीण प्रेमाने दुसऱ्यांदा चहा देते, पिठल्याबरोबर अंड्याची पोळी करून वाढते, मुलाला दूध देते. पाहुणा ते आदरातिथ्य म्हणून घेतो, आणि सकाळी हिशेबात त्याचे पैसे दिसतात. याच्या उलटही घडते : घरच्यांनी पैसे लावायचे नसतात, पण पाहुणा सतत काहीतरी मागत राहतो आणि घरातील बाईंचा दिवस चुलीपुढे जातो.

यावर उपाय एकच. काय दरात आहे, काय जास्तीचे आहे आणि कितीला, याचा छोटा तक्ता खोलीत लावावा, आणि न मागता आपण जे वाढले त्याचे पैसे कधीही लावू नयेत. मागितले तर पैसे, आपण दिले तर नाही. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे.

खोलीत जाताना टकटक करून, उत्तर आल्यावरच जावे. घर आपले असले तरी त्या रात्रीपुरती खोली त्यांची आहे. पाहुणे बाहेर गेले असताना, आधी सांगितल्याशिवाय साफसफाईलाही आत जाऊ नये. मुलांनाही हे समजावून ठेवावे.

## टप्पा ८ : काही हरवले किंवा मोडले तर

पाहुण्याची वस्तू सापडत नसेल, तर ‘आमच्याकडे असे होत नाही’ हे वाक्य उच्चारू नये. त्यातून पाहुणा खोटे बोलतो असा अर्थ निघतो. ती शेवटची कोठे पाहिली हे विचारावे, पाहुण्याच्या समक्ष खोली, अंथरूण, गाडी पाहावी, आणि सापडली नाही व वस्तू मोलाची असेल, तर पोलिसांकडे जाण्याचा विषय यजमानाने स्वतः काढावा व सोबत जावे.

घरची वस्तू मोडली असेल, तर त्याच दिवशी पाहुण्याला दाखवून छायाचित्र काढावे. पेला किंवा बशी फुटली तर सोडून द्यावे. खिडकीची काच, गादी, गिझर यांची रक्कम दुरुस्तीच्या प्रत्यक्ष बिलाइतकीच मागावी. पाहुणे गेल्यावर चार दिवसांनी फोन करून पैसे मागितले, तर खरी मागणीही खोटी वाटते.

## टप्पा ९ : निरोप आणि अभिप्राय

पाहुणे सामान भरत असताना त्यांच्यासोबत एकदा खोलीवर नजर फिरवावी. चार्जर, औषधे आणि मुलांची खेळणी इथेच सापडतात. हिशेब कागदावर लिहून द्यावा, आगाऊ रक्कम त्यात वजा केलेली दिसावी. विसरलेली वस्तू आढळली, तर त्याच दिवशी छायाचित्र पाठवून ती टपालाने पाठवावी.

चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देऊ नये, आणि गाडीत बसताना पाहुण्याच्या मोबाइलवर पाच तारे दाबून घेऊ नयेत. एअरबीएनबीवर यजमान आणि पाहुणा या दोघांचेही अभिप्राय, दोघांनी लिहून झाल्यावर किंवा १४ दिवसांची मुदत संपल्यावरच दिसतात. त्यामुळे समोरच्याने काय लिहिले असेल या भीतीने आपले लिखाण सौम्य किंवा कडक करण्याची गरज नाही. यजमानानेही खरे लिहावे, कारण पुढच्या घराचा यजमान त्यावर विसंबणार आहे.

प्रतिकूल अभिप्राय आल्यास त्याच दिवशी उत्तर देऊ नये. दुसऱ्या दिवशी तो घरातील दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवावा आणि त्यात खरे किती आहे ते विचारावे. उत्तर तीन-चार वाक्यांचे असावे : काय घडले, काय बदलले, आणि पैसे परत केले असल्यास तेवढे. पाहुण्याच्या वागण्याची, कुटुंबाची किंवा त्याने काय प्यायले याची चर्चा त्यात नसावी.

ज्या उणिवेबद्दल तक्रार झाली, ती पहिल्या टप्प्यातल्या तीनपैकी एखाद्या यादीत आहे का ते शोधावे. नसेल तर त्याच संध्याकाळी लिहून ठेवावी, आणि ती दुरुस्त होण्यासारखी नसेल, तर पुढचा फोन येण्याआधी वर्णनात घालावी.